मालवणचं प्रवाळ बघायचंय? आधी कॅलेंडरात तिथी बघा

सांगली-साताऱ्याहून घाट उतरून मालवणला जायचं आणि पाण्याखाली नुसता गढूळपणा बघून परतायचं, असं बऱ्याच जणांचं होतं. कारण बहुतेक तारीख. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, ओढ वाढते आणि तळाची वाळू उसळते.

१. ऑक्टोबर ते मे मधली नवमी ते द्वादशी निवडा, पक्ष कुठलाही चालेल. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, पाणी संथ.

२. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत: तिथीची पाऊणपट. एकादशीला ११ × ३ ÷ ४, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच.

३. भरती भरताना पाण्यात असायला हवं, म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच मालवणात. पहाटे सांगलीहून निघून हे जमत नाही. दुपारी वारा सुटतो, लाटा वाढतात.

४. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घाला. पाठ भाजत नाही, प्रवाळावर रसायनही जात नाही.

मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस घाबरून पाय टेकतो, आणि टेकतो तो नेमका प्रवाळावर. ते जिवंत असतं, मोडतं आणि पायही कापतं. तरंगती रिंग धरा, मास्क तिथेच रिकामा करा. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. तुटका तुकडासुद्धा उचलायचा नाही.