सेंट्रल फॉल्स ते ब्रॉडवे: व्हायोला डेव्हिस यांच्या वाटेवरून नवोदितांनी काय घ्यावं

अमेरिकी अभिनेत्री व्हायोला डेव्हिस यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी गरिबीपासून सुरू होते आणि थेट ऑस्करला जाऊन पोचते. नाटक शिकायला निघालेल्यांच्या कामाचा भाग त्याच्या अधेमधे आहे: कुठल्या वयात कुठलं दार उघडलं, आणि ते उघडलं कोणी.

जन्म १९६५चा, साउथ कॅरोलायनातला. वाढल्या मात्र ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स या गिरण्यांच्या चिमुकल्या शहरात, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबं अगदी मोजकी होती. त्यांची पहिली नाटकमंडळी म्हणजे सख्ख्या बहिणी. गावातल्या प्रहसन-स्पर्धेसाठी या मुलींनी लेखन, दिग्दर्शन, कपडेपट अशी कामं वाटून घेतली, तालमी केल्या आणि जिंकल्या. बक्षिसातली सॉफ्टबॉलची बॅट घरातले उंदीर मारायला कामी आली! त्याच सुमारास टीव्हीवर कृष्णवर्णीय अभिनेत्री सिसिली टायसन दिसल्या आणि आपल्यासारखी दिसणारी बाई हे काम करू शकते, हे कळलं.

पुढचा टप्पा नवोदित हमखास दुर्लक्षितात. ‘अपवर्ड बाउंड’ ही अमेरिकी केंद्र सरकारची योजना १९६० च्या दशकात सुरू झाली. कमी उत्पन्नाच्या किंवा घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या शाळकरी मुलांना ती शिकवण्या आणि उन्हाळी वर्ग देते. डेव्हिस त्यातून गेल्या. जोडीला नाट्यप्रशिक्षण, मग राज्याच्याच ऱ्होड आयलंड कॉलेजातून १९८८ मध्ये नाट्यपदवी, आणि नंतर न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या नामांकित कलासंस्थेतली चार वर्षं. क्रम लक्षात घ्या: आधी जवळचं, परवडणारं कॉलेज आणि स्थानिक रंगमंचाचा अनुभव, मग नामांकित संस्था. थेट नामांकित ठिकाणीच अर्ज करून नकार आला की वर्ष वाया घालवणारे पुष्कळ असतात. अर्जाचं शुल्क झेपत नसेल तर माफीची चौकशी आधीच करा. अनेक संस्थांत तशी सोय असते, पण मागावी लागते. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत तर २०२१ पासून शिकवणी शुल्कच नाही.

ऑडिशनसाठी बहुतेक ठिकाणी किमान दोन स्वगतं लागतात, एक अभिजात, एक आधुनिक. दोन मिनिटांची मर्यादा असेल तर पावणेदोन मिनिटांत बसवा, कारण तिथे श्वास आणि विराम लांबतात. चुका ठरलेल्या: पहिल्याच वाक्यापासून रडणं, परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलणं, आणि कृष्णवर्णीय अमेरिकी नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ नाटकातली डेव्हिस यांची रोझ ही पत्नी जशीच्या तशी उतरवणं. त्या रोझमागे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचे २०१० चे कितीतरी प्रयोग आहेत, चित्रपट २०१६चा. नुसती नक्कल केली तर अश्रू दिसतात, रोझचा अठरा वर्षांचा संसार दिसत नाही.

आणि भाषा. ज्युलियर्डमधलं शिक्षण युरोपीय अभिजात नाटकांकडे झुकलेलं होतं. तिथे आपलं अंग, आपला आवाज कुठे बसवायचा, हा प्रश्न त्यांना सतावत राहिला. उन्हाळ्यात त्या गॅम्बियाला गेल्या, त्यामागे हीच ओढ होती. पुढे ऑगस्ट विल्सन यांच्या नाटकांनी हा आवाज रंगमंचाच्या मध्यभागी आणला. १९९६ मध्ये ‘सेव्हन गिटार्स’मधली व्हेरा, २००१ मध्ये ‘किंग हेडली द सेकंड’मधल्या टोन्यासाठी पहिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरच्या कामाचा मानाचा पुरस्कार, २०१० मध्ये रोझसाठी दुसरा. विल्सन यांच्या दहा नाटकांपैकी नऊ पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत घडतात.

विल्सन यांची पात्रं कृष्णवर्णीय वस्तीच्या बोलीत बोलतात, म्हणून ही नाटकं करायला घेताना व्याकरण ‘सुधारू’ नका. मालवणी संवाद प्रमाण मराठीत म्हटला तर जे होतं, तेच इथे होतं: लय मोडते आणि अर्थही निसटतो. आधी मोठ्याने वाचा, पुनरुक्ती कुठे येते त्यावर खुणा करा, श्वासाच्या जागा ठरवा. पाठांतर त्यानंतर. नाटक ज्या दशकात घडतं त्या काळी त्या वस्तीत घरभाडं, नोकरी, तुरुंग यांचं काय चाललं होतं ते शोधा. टोन्या पोटातलं मूल जन्माला घालायला का नकार देते, हे १९८५ मधली ती वस्ती कळल्याशिवाय बोलून दाखवता येणार नाही.