घावण्यापलीकडे काही न खाणारं पोर: एकेक पायरी कशी चढवायची

आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे, सहा वर्षांचा, आणि दोन वर्षं तो नुसत्या पांढऱ्या घावण्यावर नि पेजेवर होता. घरातले म्हणायचे उपाशी ठेव, भूक लागली की खाईल. असं प्लीज करू नका. हा हट्ट नसतो, वास, रंग, तोंडाला लागणारा खरखरीतपणा या मुलांना आपल्यापेक्षा खूप जास्त जाणवू शकतो. बांगडे तळायला घेतले की आमचा नाक दाबून पडवीत जाऊन बसायचा.

मग करायचं काय, तर जे खातोय ते बंद करायचं नाही, त्यालाच धरून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घावण्याच्या पिठात एक चमचा नाचणीचं पीठ, बस. तवा तोच, ताटली तीच. पण लपवून नाही हां, त्याच्यासमोर, चमचा त्याच्याच हातात देऊन. मी एकदा गुपचूप अंडं फेटून घातलं, त्याने पहिलाच घास थुंकला आणि आठ दिवस घावण्याला हात लावला नाही, होतं तेपण गेलं. नाचणीच्या वेळी तो ते तपकिरी ठिपके बोटाने चोळून बघायचा, आठवडाभर नुसतं तेवढंच, मग एके दिवशी कोपरा तोडून खाल्लान. नवीन पदार्थ 10-15 वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. ताटात चालत नसेल तर बाजूच्या वाटीत ठेवा आणि "खा खा" करू नका. नाचणीच का, तर 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं.

माशात सुरमईपासून सुरुवात करा, वाफवलेली, तळताना सुटतो तसा वास घरभर होत नाही. काटे मात्र बोटाने चाचपून काढा.

जेवत नाही म्हणून दूधच दूध देऊ नका, दिवसाला अर्धा लिटरच्या वर गेलं की भूक मरते नि लोह कमी पडतं. पोट साफ होत नसेल तर आधी ते बघा, बद्धकोष्ठ असलं की जेवण आणखी तुटतं.

गहू-दूध बंद केल्याने ऑटिझम बरा होतो असं कोणी सांगेल, त्याला ठोस पुरावा नाही. चारच पदार्थ खाणाऱ्या पोराचे दोन काढून घेतले तर उरलं काय? बंद करायचंच असेल तर डॉक्टर-डाएटिशियनला विचारूनच.

वजन घटतंय, हिरड्यांतून रक्त येतंय, माती-खडू खातोय, असं काही दिसलं तर थांबू नका, तीन दिवस काय काय खाल्लं ते वहीत लिहा आणि ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.