द्विपद वितरणाच्या जागी नॉर्मल वापरताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या एखाद्या यंत्रमागावरचे 10 टक्के टॉवेल सदोष निघतात असं धरू. आकडा केवळ उदाहरणापुरता. 100 टॉवेल तपासले, तर 12 किंवा त्याहून कमी सदोष सापडण्याची संभाव्यता किती? प्रत्येक टॉवेल सदोष किंवा चांगला, दोनच शक्यता; म्हणून सदोषांची संख्या द्विपद वितरण पाळते. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्याच्या जागी घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र वापरतात.

एन म्हणजे टॉवेलांची संख्या 100, पी म्हणजे सदोष निघण्याची संभाव्यता 0.1, क्यू म्हणजे चांगला निघण्याची 0.9. मध्य एनपी म्हणजे 10, प्रचरण एनपीक्यू म्हणजे 9, प्रमाण विचलन त्याचं वर्गमूळ, 3. घाईत विद्यार्थी वर्गमूळ विसरतात आणि 9 नेच भागतात. मग पुढचं सगळं बिघडतं.

सर्वांत जास्त गुण जातात ते सातत्य दुरुस्ती न केल्यामुळे. सदोष टॉवेल 12 असतील किंवा 13, साडेबारा नसतात. नॉर्मलचा वक्र मात्र अखंड असतो. म्हणून 12 चा स्तंभ 11.5 पासून 12.5 पर्यंत पसरलेला मानायचा आणि 12 ऐवजी 12.5 घ्यायचा; हीच सातत्य दुरुस्ती. दुरुस्तीशिवाय झेड, म्हणजे मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर, 0.67 येतो आणि उत्तर सुमारे 0.75. दुरुस्ती केली की झेड 0.83 आणि उत्तर 0.798. द्विपदाचं अचूक उत्तर 0.802 आहे. अर्ध्या एककाने केवढा फरक पडला!

अर्धा मिळवायचा की वजा करायचा, हे पाठ करू नका. प्रश्नात 12 धरलाय का, एवढंच पाहा. ‘12 किंवा कमी’ म्हटलं तर 12.5 च्या डावीकडे, ‘12 पेक्षा कमी’ म्हटलं तर 11.5 च्या डावीकडे. ‘किमान 12’ असेल तर 11.5 च्या उजवीकडे. ‘बरोबर 10’ विचारलं तर 9.5 ते 10.5.

आणखी एक चूक म्हणजे एन मोठा दिसला की लगेच नॉर्मल लावणं. एनपी आणि एनक्यू दोन्ही किमान 5 हवेत; काही शिक्षक 10 मागतात, आणि मला तेच पटतं. सदोष प्रमाण 1 टक्का असेल, तर 100 टॉवेलांत एकही सदोष नसण्याची संभाव्यता 0.366. नॉर्मल दुरुस्तीसकट 0.308 सांगतो. इथे प्वासाँ, म्हणजे दुर्मिळ घटनांसाठीचं वितरण, वापरा, 0.368 मिळेल.

टोकाकडेही सावध राहा. पहिल्याच उदाहरणात 20 किंवा अधिक सदोष निघण्याची खरी संभाव्यता 0.002 आहे, नॉर्मल 0.0008 देतो. अडीचपट फरक! माल नाकारायचा निर्णय अशाच आकड्यांवर होतो.

गणितज्ञ द मॉयव्हरने 1733 मध्ये द्विपदाजागी नॉर्मल वापरण्याचा हा मार्ग शोधला, कारण द्विपदाच्या सूत्रातले मोठे क्रमगुणित (1 पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) हाताने काढणं अशक्यप्राय होतं. आज एक्सेलचं बायनॉम डॉट डिस्ट हे सूत्र क्षणात अचूक उत्तर देतं. परीक्षेबाहेर तेच वापरा.

पण एक चूक एक्सेलही पकडत नाही. द्विपदाला प्रत्येक टॉवेल स्वतंत्र हवा. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढचे टॉवेल ओळीने सदोष निघतात. तेव्हा प्रमाण विचलन 3 पेक्षा बरंच मोठं असतं आणि मूळ द्विपदच चुकीचं ठरतं. म्हणून एकाच मागावरचे सलग टॉवेल उचलू नका. वेगवेगळ्या मागांवरून, वेगवेगळ्या पाळ्यांतून नमुना घ्या.