जुन्या छायाचित्रातील कार्बाईन कशी ओळखावी

नाशिकरोड, देवळाली, भगूर या पट्ट्यातील कित्येक घरांच्या भिंतीवर गणवेशातील आजोबांचे किंवा पणजोबांचे एखादे कृष्णधवल छायाचित्र अजून टांगलेले असते, आणि त्यांच्या हातातील शस्त्राला घरातील सगळे जण सरसकट ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे .303 ची ली-एनफील्ड रायफल, म्हणतात. पुष्कळदा ते बरोबरही असते. मात्र ज्या देवळालीत आजच्या पाकिस्तानातील काकूलहून तोफखान्याची प्रशाला आली आणि ज्याची छावणी त्याच्याही कितीतरी आधीची आहे, तिथे ती कार्बाईन तर नाही ना, हे एकदा तपासून पाहणे योग्य ठरते.

तपासाआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या माणसाचे हात एरवी कशात गुंतलेले असत? पायदळाच्या शिपायाचे मुख्य काम बंदूक चालवणे हेच होते, म्हणून त्याला लांब नळी परवडत असे. घोडेस्वाराचा एक हात लगामात असे, गोलंदाजाचे दोन्ही हात तोफेत, तर वाहनचालकाचे चाकावर. या सर्वांना शस्त्र हवे असे, पण ते कामाच्या आड येता कामा नये. कार्बाईन ही याच गरजेतून जन्मलेली आखूड बंदूक. हा शब्द फ्रेंच घोडदळाकडून आला, आणि उर्दूत तो ‘कराबीन’ होऊन बसला.

आता मोजमाप. फूटपट्टीने छायाचित्रातील माणसाची उंची बुटाच्या तळापासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे पगडी किंवा टोपी वगळून, घ्यावी आणि डोक्याच्या माथ्यासाठी थोडी भर घालावी. मग शस्त्राची लांबी घेऊन दोहोंचे गुणोत्तर काढावे. शस्त्र उभे आणि माणसाच्या अंगाला लागून असेल तरच हा हिशेब धरावा, कारण कॅमेऱ्याकडे झुकलेली नळी फसवते. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाशेजारी दस्ता जमिनीवर टेकवलेली शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्ड साधारण 113 सेंटिमीटर, म्हणजे बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचते. त्याच कुळातील जंगल कार्बाईन सुमारे 100 सेंटिमीटरची असल्याने ती बेंबीपाशी संपते. हा चार बोटांपेक्षा जास्त असलेला फरक नजरेला पुरतो.

या ठिकाणी एक घोटाळा होतो, आणि तो इतिहासानेच केलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आखूड कार्बाईन अशी दोन वेगळी शस्त्रे होती. घोडदळाच्या ली-एनफील्ड कार्बाईनच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, सहाच काडतुसे मावत, बोल्टची, म्हणजे काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्याची, मूठ खोगिरात अडकू नये म्हणून चपटी केलेली असे, आणि तिला संगीन लावण्याची सोय नसे. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्री कार्बाईनमध्ये मात्र तोफखान्याचा वेगळा प्रकार होता, ज्याला संगीन लागत असे; तोफेवर चालून आलेल्या शत्रूशी गोलंदाजाला हातघाईची लढाई करावी लागण्याची शक्यता घोडेस्वारापेक्षा अधिक होती, हे लक्षात घेतले की हा फरक पटतो. पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातील अनुभवानंतर दोन लांबीच्या शस्त्रांचा हा व्याप आवरता घेऊन सर्वांसाठी एकच मध्यम लांबीची रायफल ठरवण्यात आली. म्हणून पहिल्या महायुद्धातील घोडेस्वार आणि शिपाई यांच्या हातात एकसारखेच शस्त्र दिसते. ‘शॉर्ट’ हा शब्द नावात आहे म्हणून ती कार्बाईन समजू नये.

दुसरी खूण नळीच्या तोंडाशी असते. जुन्या शॉर्ट ली-एनफील्डचे तोंड बोथट, जवळजवळ डुकराच्या मुस्कटासारखे दिसते, कारण लाकूड थेट टोकापर्यंत जाते. 1944 साली आलेल्या क्रमांक 5 च्या जंगल कार्बाईनची नळी सुमारे 47 सेंटिमीटर असून ती लाकडाबाहेर डोकावते, आणि टोकाला शंकूच्या आकाराची ज्वालारोधक टोपी असते. ही टोपी हौसेखातर बसवलेली नाही: .303 चे काडतूस लांब नळीसाठी बेतलेले असल्याने आखूड नळीत त्याची दारू पुरती जळत नाही, उरलेली बाहेर भडकते आणि शत्रूला ठिकाण कळते. धक्काही अधिक बसत असल्याने दस्त्याच्या टोकाला रबराची पट्टी लावण्यात आली. शिवाय ही कार्बाईन एकदा नेम लावून दिल्यावर तो टिकवत नाही, अशी तक्रार कायम राहिली.

अमेरिकेने याच अडचणीवर उलट वाट काढली. तिच्या एम-1 कार्बाईनसाठी 1941 मध्ये नळी तोडण्याऐवजी मुळात कमी ताकदीचे नवे काडतूस घेण्यात आले, त्यामुळे शस्त्र अडीच किलोच्या आत बसले आणि चालक, तारायंत्रवाले, तोफची यांना ते पिस्तुलापेक्षा कितीतरी बरे वाटले. साठ लाखांहून अधिक नग तयार झाले, आणि ते करणाऱ्यांत टंकयंत्रे बनवणारी अंडरवूड व हिशेबयंत्रांची आयबीएम याही कंपन्या होत्या. माझ्या मते कार्बाईनचा सारा इतिहास याच दोन वाटांमध्ये, म्हणजे नळी छाटणे आणि काडतूस बदलणे यांमध्ये हेलकावे खातो.

छायाचित्र 1960 नंतरचे असेल तर तिसरी खूण पाहावी. आपल्याकडे पोलीस आणि जवान ज्याला ‘कार्बाईन’ म्हणतात, ती बहुतेक वेळा 9 मिलिमीटरची, मूळ ब्रिटिश स्टर्लिंगवरून कानपूरला बनवलेली बंदूक असते. काटेकोरपणे तिला सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसे भराभर झाडणारी बंदूक, म्हणावे लागेल. नळीवरचे छिद्रांचे आवरण आणि डाव्या बाजूला आडवी निघालेली, किंचित वाकडी मॅगझीन ही तिची ओळख. स्टेनगनची मॅगझीनही डावीकडेच असते, पण ती सरळ असते. मॅगझीन उजवीकडे दिसली तर छायाचित्र आरशासारखे उलटे छापले आहे का हे आधी पाहावे. पुरुषांच्या अंगरख्याची बटणपट्टी किंवा ली-एनफील्डचा उजवीकडचा बोल्ट यांवरून ते लगेच कळते.

त्यानंतरच्या काळात मध्यम ताकदीच्या काडतुसामुळे पायदळाचीच रायफल आखूड होत गेली आणि कार्बाईनचे वेगळेपण पातळ झाले. 1994 मध्ये स्वीकारलेल्या अमेरिकी एम-4 ची नळी साडेचौदा इंच आहे. चिलखती गाडी, हेलिकॉप्टर, अरुंद जिना यांनी आज खोगिराची जागा घेतली, एवढाच बदल.

छायाचित्रे पाहता पाहता कधी जुन्या वाड्याच्या माळ्यावर प्रत्यक्ष शस्त्रच सापडते. ते उचलू नये, भरलेले आहे का हे स्वतः पाहू नये, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना बाळगणे गुन्हा आहे, आणि .303 व 9 मिलिमीटर या मापांची शस्त्रे सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत. छायाचित्राच्या बाबतीत मात्र एवढेच करावे की चौकटीतून ते हलकेच काढून मागची बाजूही टिपून घ्यावी, कारण पलटणीचे नाव, वर्ष किंवा स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो, आणि तो आधी हाती आला तर फूटपट्टीची गरजही उरत नाही.