सोसायटीची मीटिंग झूमवर घेताय? आधी हे वाचा

सप्टेंबर आला की वार्षिक सभा ३० तारखेच्या आत उरकायची घाई, आणि हल्ली अर्धे मेंबर हॉलमध्ये तर अर्धे बाहेरगावाहून झूमवर. ज्याच्या गळ्यात होस्टचं काम पडतं त्याला वाटतं लिंक पाठवली, माइक चालू-बंद केले की झालं. पण तुम्हाला स्क्रीनवर जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही, त्यांना आपला आवाज बंद झाला एवढंच कळतं आणि कारण ते आपल्या मनानेच लावतात, "पार्किंगचा विषय काढला की बरोब्बर म्यूट करतात हे लोक".

म्हणून बटण दाबायच्या आधी तोंडाने बोला. "काका, मागे मिक्सर चालूय, जरा म्यूट करतोय, मिक्सर थांबला की तुम्हीच बोला, तोवर तुमचा नंबर कोणाला देत नाही." एवढं म्हटलं की काका शांत.

खरी भांडणं नंबरावरून होतात. झूममध्ये हात ज्या क्रमाने वर झाले त्याच क्रमाने होस्टला दिसतात, ती रांग मोठ्याने वाचून दाखवा, "आधी बी विंग ३०२, मग ए १०४". हॉलमधल्यांनाही याच रांगेत बसवा, नाहीतर तिथे जो मोठ्याने बोलेल तो बोलत राहतो आणि ऑनलाइनवाले हात वर करून कंटाळून निघून जातात. यासाठी हॉलमध्ये एक माणूस कागद-पेन घेऊन बसवाच. चॅटही त्यानेच वाचावं.

फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद पडतं, हे सुरुवातीलाच सांगा. नेमकं रिपेअर फंडाच्या वेळी बंद पडलं तर मुद्दाम केलं असंच म्हणतील (म्हणणारच!).

नाजूक विषयावर लोक तोंड उघडत नाहीत. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात १९८० च्या दशकातच कॉम्प्युटर लावलेल्या मीटिंग रूम होत्या, सगळे एकदम, नाव न देता टाइप करायचे. आपल्याला गुगल फॉर्म पुरतो, फक्त ईमेल गोळा करायचा ऑप्शन बंद ठेवा. पण हे मत चाचपण्यापुरतं, ठरावाचं मतदान वेगळं.

आणि चेअरमनला होस्ट करू नका, त्यांना वादात बोलायचं असतं.

ठराव मात्र मीटिंगमध्येच टाइप करून स्क्रीन शेअर करा, सूचक-अनुमोदकाची नावं तिथेच घाला, वाचून दाखवा, हॉलमधल्या शेवटच्या रांगेला ऐकू आलं का विचारा, मगच मतं घ्या.