डब्याचा धंदा चालेल का? आधी दहा डबे विकून बघा

ओळखीतल्या लोकांना ‘डबा सुरू केला तर घ्याल का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, ते भिडेपोटी. नात्यातले नाहीत अशा दहा जणांकडून सहा दिवसांचे पैसे आगाऊ मागा. चार-पाच जणांनी काढून दिले, तरच पुढचा हिशेब करायचा.

समजा डबा ९० रुपयांचा: चार पोळ्या, भाजी, वरण-भात. किराणा-भाजी ४२, गॅस ६, पोहोचवणं १२. उरले ३०. पोळ्यांच्या बाईंना दिवसाला ३६० द्यायचे, तर पहिले बारा डबे त्यांचेच. स्वतःची मजुरी ५०० धरली की आकडा एकोणतीसवर जातो. ही मजुरी बहुतेक जण धरतच नाहीत, आणि वर्षभर फुकट राबतात. गॅसही व्यावसायिक, १९ किलोच्या सिलिंडरच्या भावाने धरा. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही.

खरी अडचण स्वयंपाकाची नसते, वेळेची असते. सगळ्यांना डबा साडेबारा ते एकमध्येच हवा. एक माणूस, एक दुचाकी, त्या अर्ध्या तासात किती दारं होतात ते स्वतः फिरून मोजा. आठच होत असतील, तर एकोणतीस डब्यांना चार माणसं लागतील आणि वरचे १२ रुपये पुरणार नाहीत.

परत आलेले डबे उघडून बघा. भात रोज उरत असेल तर कमी करा. सातव्या दिवशी न विचारता पुन्हा पैसे देणारे किती, तेवढंच गिऱ्हाईक धरायचं.