वडोदऱ्यात गच्चीवर मूक विनोदपटांचा खेळ कसा लावावा

चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन आणि हॅरॉल्ड लॉईड यांचे विनोदी मूकपट शंभर वर्षांनंतरही पोट धरून हसवतात. मात्र मोबाईलवर एकट्याने पाहिल्यास त्यांची निम्मी गंमत हरवते, कारण ते भरलेल्या चित्रपटगृहासाठी रचलेले होते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्याच्या सुटीत सोसायटीच्या गच्चीवर असा खेळ सहज लावता येईल. दादासाहेब फाळके याच शहरातील कलाभवनात छायाचित्रण शिकले, हेही येथे आवर्जून आठवावे. संवादच नसल्यामुळे आजी, पहिलीतला नातू आणि शेजारचे गुजराती कुटुंब एकाच क्षणी हसतात, आणि माझ्या मते या चित्रपटांच्या टिकाऊपणाचे खरे कारण तेच आहे.

आरंभ लहान चित्रपटाने करावा. कीटनचा ‘वन वीक’ (१९२०) साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. नवविवाहित जोडप्याला सुट्या भागांतून उभारायचे घर भेट मिळते, एक मत्सरी माणूस खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. शेवटी ते घर रेल्वेच्या रुळांवर अडकते. समोरून गाडी येते, पण ती शेजारच्या रुळावरून निघून जाते, आणि प्रेक्षकांनी सुटकेचा श्वास सोडताच उलट दिशेने आलेली दुसरी गाडी घराचा चुराडा करते. येथे लोकांचा हशा ओसरेपर्यंत कोणीही बोलू नये.

सर्वाधिक काळजी गतीची घ्यावी. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत, त्यामुळे सेकंदाला साधारण १६ ते २४ चित्रे अशी गती बदलत असे. बोलपटांबरोबर २४ ही गती ठरली, आणि जुन्या प्रती त्या गतीने चालवल्या की माणसे मुंग्यांसारखी धावताना दिसतात. ‘जुने चित्रपट असेच असतात’ हा गैरसमज त्यातूनच रुजला. आधी एखादा साधा प्रसंग पाहावा, चहा पिणे किंवा रस्त्याने चालणे. तेच घाईचे वाटत असेल, तर प्लेअरमधील वेग ०.७५ करावा. पाठलागाचे प्रसंग मात्र काही वेळा मुद्दाम वेगवान केलेले असत, म्हणून त्यांवरून वेग ठरवू नये.

पडदा म्हणून न सुरकुतलेली पांढरी चादर ताणून बांधली तरी पुरते. चित्र चार-तीनच्या (रुंदी चार, उंची तीन) मूळ प्रमाणातच ठेवावे. पडदा भरावा म्हणून ते ताणले किंवा कापले, तर विनोदच कापला जातो. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची आख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून जाते, म्हणून जागचा न हलताही तो बचावतो. भिंत खरी होती आणि प्रसंग एकाच चित्रीकरणात दिसतो. भिंत, खिडकी आणि पायांपर्यंत संपूर्ण माणूस एकाच चौकटीत दिसला, तरच छातीत धस्स होते आणि लगेच हसू फुटते.

संगीतासाठी परिसरातील एखादा तबलजी आणि पेटीवाला मिळाल्यास फार उत्तम. त्यांना चित्रपट आधी दाखवावा आणि प्रत्येक पडण्यावर थाप मारू नये, असे सांगावे. लय धरून ठेवावी आणि मोठ्या क्षणाआधी थांबावे. दृश्यांच्या मधे पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या पाट्या एकाने मोठ्याने, मराठीत आणि गरजेपुरत्याच वाचाव्यात.

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचे स्वामित्व प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकते, आणि या चित्रपटांची ती मुदत केव्हाच उलटली आहे. नव्याने जोडलेल्या संगीताचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, म्हणून स्वतःचे संगीत असलेले अधिक बरे.

मध्यंतरानंतर लॉईडचा ‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३) लावावा. तो सव्वा तासाच्या आत संपतो आणि उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा नायक त्यातच आहे. १९१९ मधील अपघातात लॉईडच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली होती आणि चित्रपटात तो कृत्रिम बोटांचा हातमोजा घालत असे, ही माहिती आधी देऊ नये, अन्यथा सर्वांचे लक्ष हातावरच राहील. खेळ संपल्यावर ती सांगावी आणि घड्याळाचा प्रसंग पुन्हा लावण्याची तयारी ठेवावी.